नानांच्या हातातला दुसरा रिसीव्हर

"बाई, हे शेवटचं वाक्य मागे घ्या."

एरंडोलच्या बस स्टँडसमोरच्या एसटीडी बूथमधून मी धुळ्याला माझ्या नवऱ्याशी बोलत होते आणि हा आवाज नवऱ्याचा नव्हता. माझ्या हातून रिसीव्हर सुटला आणि वायरला लोंबकळत राहिला. नवराबायकोचं बोलणं, त्यात भांडणाचं, आणि कोण कुठला बाप्या मध्येच तोंड घालून मला वाक्य मागे घ्यायला सांगतो! काचेतून बाहेर पाहिलं तर काउंटरमागे बूथचे मालक बसलेले, दुसरा रिसीव्हर कानाला लावून. चेहऱ्यावर लाज म्हणाल तर औषधालाही नाही. उलट मलाच हातानं खुणावत होते, उचला, उचला, लाईन चालू आहे.

मी तरातरा बाहेर आले. "तुम्हाला शरम नाही वाटत लोकांचं ऐकायला?"

"वाटते ना," ते म्हणाले. "पण तुमचं आधीचं वाक्य किती चांगलं होतं. 'मला करमत नाही,' म्हणालात. तिथंच थांबायचं. पुढे 'तुम्हाला बायको नको, मोलकरीण हवी' म्हणालात आणि सगळ्याची माती केलीत."

मी तिथून निघाले ते पुन्हा या दुकानाची पायरी चढणार नाही असं ठरवून. पण तेव्हा पिवळ्या पाटीचा बूथ गावात हाताशी असा तो एकच, आणि नवरा धुळ्याला. पुढच्या रविवारी नाक मुठीत धरून पुन्हा तिथेच.

गाव त्यांना नाना म्हणायचं. उंच, काटकुळे, अंगात बुशशर्ट आणि खाली धोतर, असा वेश मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. एका कानात अत्तराचा बोळा. तो न ऐकायचा कान, म्हणायचे. गप्पा मारायला कुणी आलं की तोच कान पुढे करायचे. दुसरा कान फक्त फोनसाठी राखलेला. सगळी नोकरी त्यांची ट्रंक कॉल जोडण्यात गेली होती. "नवराबायकोला जोडून द्यायचो आणि कान काढून घ्यायचो," ते सांगायचे. "नियमच तसा, आणि मी तो कधी मोडला नाही. पहिलं 'हॅलो' ऐकलं की कळायचं, आता भांडण होणार. जिभेवर शब्द यायचा आणि गिळायचा. आता दुकान माझं, कान माझा, जीभही माझी."

केबिनच्या काचेवर त्यांनी रंगाऱ्याकडून लिहून घेतलं होतं, 'येथे शिवी दिल्यास लाईन तोडण्यात येईल.' त्याखाली बारीक अक्षरात, 'तुझी आई, तुझा बाप हे शब्द शिवीत धरले जातील.' लोकांना तो विनोद वाटायचा. पण माझ्या डोळ्यांदेखत एका चांगल्या सुटाबुटातल्या माणसाची लाईन 'तुझ्या आईनं' एवढ्यावर खाडकन तुटली होती. तो गृहस्थ केबिनमधून नानांना मारायलाच धावला. नाना म्हणाले, "मारा. पण आधी बायकोला फोन लावून सांगा की मारतोय." तो पुन्हा आत गेला आणि चक्क नरम आवाजात बोलायला लागला.

अर्धं गाव नानांना निर्लज्ज म्हणायचं. तेच अर्धं गाव आपल्या लेकीसुना त्यांच्या बूथवर पाठवायचं. कुणाचा नवरा सुरतेला, कुणाचा नाशिकला. माणसं लांब गेली की बोलणं कमी होतं आणि संशय वाढतो, त्यामुळे नानांना गिऱ्हाइकाची कमतरता नव्हती. त्यांची पद्धत ठरलेली. आधी एकमेकांना विचारायचं, काय जेवलात? त्याशिवाय दुसरा विषय काढायचा नाही. आणि आपलं बोलण्याआधी समोरच्याचं वाक्य जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. मग आपलं.

ऐकायला सोपं आहे. करून बघा!

वरणगावला फॅक्टरीत कामाला असलेला एक तरुण मला आठवतो. बायको एरंडोलला माहेरी, तो तिकडून फोनवर, मध्ये नाना; लाईन खराब म्हणून दोघं इतकी ओरडून बोलत होती की बाकापर्यंत सगळं ऐकू येत होतं. बायको रडत म्हणाली, "तुमी माले मायेरले धाडं आनि इसरी गयात." नाना म्हणाले, "हं, जावईबापू, काय म्हणाली ती?" पलीकडून उत्तर आलं, "ती म्हनस, तिले मायेरले बरं वाटस."

"नापास," नाना म्हणाले. "परत."

बिचाऱ्याला बराच वेळ ते वाक्य म्हणता येईना. दर वेळी त्यातून 'इसरी गयात' तेवढं गळायचं. शेवटी ते त्याच्या तोंडून निघालं. मग तो म्हणाला, "इसरनू नही वं, लाज वाटस." कशाची लाज ते आम्हाला कळलं नाही, पण तिला कळलं असावं, कारण ती हसली. मी माझा नंबर लागायची वाट बघत बाकावर बसले होते. खाली मान घालून बसावं की निघून जावं, काही सुचेना. नाना मात्र सगळ्यांदेखत त्याला विचारते झाले, "घरी असतोस तेव्हा भिंतीकडे तोंड करून झोपतोस का रे?" देवा, देवा! बाकावरच्या आम्ही सगळ्या बायका एकदम रस्त्यावरच्या बसकडे पाहायला लागलो.

दुपारी त्यांची बायको डबा घेऊन यायची. ठसठशीत कुंकू, आवाज खणखणीत. एकदा मला म्हणाल्या, "तुमचं ऐकतात ना हे? नशीबवान आहात. घरी मी तीनदा हाका मारते तेव्हा कुठे हूं येतं." नाना न ऐकायचा कान त्यांच्याकडे करून शांतपणे जेवत होते. दोघांचंही छान चाललं होतं. ते पाहून मला नानांचा जास्तच राग यायचा.

पुढे सगळ्यांच्या खिशात फोन आले तेव्हा नाना पार थकले होते. म्हणायचे, आता खिशातल्या खिशात भांडतात, मध्ये कुणी नाही. ते गेल्याचं मला उशिरा कळलं. कळलं तेव्हा मी घरात एकटी होते, आणि मला आधी त्यांचा आवाज आठवला, चेहरा मागून.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय नाना पुरते कळायचे नाहीत.

पाटबंधारे खात्यात मी ट्रेसर होते. कालव्यांचे, बंधाऱ्यांचे नकाशे पारदर्शक कागदावर शाईनं गिरवायचे, ते माझं काम. लग्नाआधीपासूनची नोकरी, हाताला वळण होतं, साहेब नाव घ्यायचे. आमचे हे धुळ्याला एका तेलगिरणीत केमिस्ट. घरात ते आणि सासूबाई. सासरे लग्नाआधीच गेलेले. मी एरंडोलला खोली घेऊन राहायची आणि सुट्टी मिळाली की धुळ्याला जायची. सासूबाईंचं एकच म्हणणं, नोकरी सोड आणि घरी ये. का, ते काही सांगायच्या नाहीत. मी बदली मागितली होती, ती मिळत नव्हती. आणि आमचे हे फोनवर काही म्हणजे काही बोलायचे नाहीत. मी भडाभडा बोलायची आणि पलीकडून "हं", "बरं", "बघू".

घरी फोन नव्हता. शेजाऱ्यांकडे होता, त्यांचा नंबर आम्ही पीपी म्हणून सगळ्यांना दिलेला. माझा फोन आला की शेजारची मुलगी गच्चीतून हाक मारायची आणि हे त्यांच्या बैठकीच्या खोलीत जाऊन बोलायचे. हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ कळला नव्हता. तो नानांनी काढला. थंडीचे दिवस होते. नाना मध्येच म्हणाले, "साहेब, मी बूथवाला. तुमच्या शेजारी आई उभ्या असतील तर म्हणा, इकडे फार ऊन आहे."

मग हे म्हणाले, "इकडे फार ऊन आहे."

"ज्यांचा फोन ते शेजारीही बसलेत?"

"फारच ऊन आहे," हे म्हणाले. त्यांचा आवाज मला रडवेला वाटला.

वर्षभर मी या माणसाला दगड समजत होते आणि तो भर दरबारात उभा होता! पण कळलं म्हणून काय झालं? माणूस का बोलत नाही ते कळणं वेगळं आणि तो बोलणं वेगळं. मला त्यांचं बोलणं हवं होतं.

मग आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी येणारच, झोका खेळणारच, आणि सण झाला की सासरचं माणूस तिला न्यायला येणार. मी जळगावला माहेरी गेले. सण झाला, झोके उतरले, न्यायला कुणी आलं नाही. धुळ्याला सासूबाईंचं म्हणणं, तिले तिना पाय शेतस, नोकरीले एकली जास, घरले एकली ये. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, म्हणाले, "न्यायला आल्याशिवाय माझी पोरगी सासरी पाऊल टाकणार नाही." मी तशीच एरंडोलला कामावर रुजू झाले. हे यायला निघाले तर सासूबाई म्हणाल्या, तू गयास तं आपलं खाले व्हयनं, म्हणजे आपणच नमलो असं होईल. झालं! मधे तासा-दोन तासांचा एसटीचा रस्ता आणि दोन्हीकडची माणसं दारात बसून दुसऱ्याच्या येण्याची वाट पाहतायत. असा खुळेपणा आमच्याच लोकांनी करावा.

बघता बघता गोष्ट बैठकीवर गेली. दोन्हीकडचे वडीलधारे धुळ्याला बसणार, सतरंजी टाकून, पानसुपारी ठेवून. अशा बैठकीतून काय निघतं ते मला माहीत होतं. माझ्या एका मावसबहिणीची फारकत अशाच पानसुपारीत झाली होती, आणि ती बिचारी दाराआड उभी राहून ऐकत होती. मला नोकरी सोडायची नव्हती आणि नवराही सोडायचा नव्हता. दोन्ही हवं म्हणणं म्हणजे त्या काळी हावरटपणाच होता. मी हावरट होते.

दादा मला घ्यायला एरंडोलला आले. धुळ्याला निरोप द्यायचा म्हणून आम्ही बूथवर गेलो आणि नानांनी सगळं ऐकलं, अर्थातच. म्हणाले, "जाऊ नका. बैठक इथेच लावा. फोनवर."

दादा ताडकन उठले. "लेकीच्या संसाराचा निकाल बस स्टँडवरच्या दुकानात लावू?"

"तिकडे गेलात तर त्यांचे दहा आणि तुमचे दोन. दहाही एकदम बोलणार. फोनवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो, दादासाहेब. रिसीव्हर एकालाच धरता येतो."

मुलीच्या बापाला बैठकीत खालच्या पायरीवर बसावं लागतं, ते त्यांनी पूर्वी भोगलं होतं. ते केबिनमध्ये जाऊन उभे राहिले. धुळ्याचे लोक कसे कबूल झाले म्हणाल, तर त्या पीपीवाल्या शेजाऱ्यांमुळे. एवढी मोठी बैठक आपल्या फोनवर होणार म्हणून त्यांनी म्हणे चहाचं आधणही ठेवलं होतं.

दादांच्या हातात एक रिसीव्हर, नानांच्या हातात दुसरा, आणि त्याला मी कान लावलेला. पलीकडून आधी चुलतसासरे आले. बैठकीत हा माणूस वाघासारखा गरजायचा. फोनवर त्यांचं "हॅलो, हॅलो, कोन बोली ऱ्हायनं?" यापुढे काही सरकेना. आपल्याच आवाजाला दचकत होते. नानांनी त्यांना जरा वेळ हॅलो म्हणू दिलं आणि मग सांगितलं, "आते आक्काले फोन द्या."

"बाईमानूसनं काय काम शे बैठकमा?"

"काम काहीच नही. जेवन काय व्हयनं, इतलं इचारनं शे."

बैठकीत सासूला बोलावणं कधी कुणी ऐकलं होतं? दादा काचेतून नानांकडे डोळे वटारून पाहत होते. तिकडे बांगड्यांचा आवाज आला, काहीतरी घासल्याचा आवाज आला. सासूबाईंनी रिसीव्हर उलटा धरला होता. कुणीतरी तो सरळ करून दिला.

"आक्का, आज काय जेवनात?"

"भाकर आनि ठेचा."

"कोनासंगे बठीसन?"

मग सासूबाई इतक्या हळू बोलल्या की त्यांच्या शेजारी बसलेल्यांनाही ऐकू गेलं नसेल. "कोनासंगे खासू, भाऊ? पोऱ्या गिरनीमाइन येस, ताट लेस, पेपरमा डोकं घालस. दिनभर भिंतीसंगे बोलू का मी? म्हनीसन म्हनू, सून नोकरी सोडी तं घरमा बोलाले कोनी तरी ऱ्हाई."

लग्न झाल्यापासून मी या बाईला घाबरत होते. घराण्याची इज्जत, लोक काय म्हणतील, सुनेचा तोरा, काय काय कारणं मी मनात रचली होती. आणि या बाईला बोलायला माणूस हवं होतं! एवढंच! मला त्यांच्यावर चिडावं की रडावं ते कळेना.

आणि नाना म्हणाले, "मंग तुमीच या ना एरंडोलले. सून सांजले कचेरीमाइन येस. इतली बडबडी शे, तुमना कान किटी जातीन."

तिकडे एकच गलका झाला. चुलतसासऱ्यांचा आवाज परत वाघाचा झाला. सासूनं सुनेच्या भाड्याच्या खोलीत राहायला जावं, असं भर बैठकीत कुणी बोलतं का? रिसीव्हर आपटल्याचा आवाज आला आणि लाईन गेली. पुन्हा फोन लावला, कुणी उचलला नाही.

दादा केबिनमधून बाहेर आले. "तुम्ही माझ्या लेकीचा संसार मोडला," एवढंच नानांना म्हणाले आणि रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

मला वाटलं, नानांकडे याचं काहीतरी चलाख उत्तर असेल. त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, न पिताच ठेवला आणि म्हणाले, "चुकलं वाटतं, बाई." दिवसभरात मला सगळ्यात मोठा धक्का तो बसला. त्यांच्यावर इतका विश्वास आपण कधी टाकला, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. मी खोलीवर गेले आणि मोठमोठ्यानं रडले.

दादा दोन दिवस माझ्याकडेच राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. दारात सासूबाई. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, पत्र्याचा डबा. बरोबर कुणी नाही. आयुष्यात एकटीनं एसटीत न बसलेली बाई विचारत विचारत माझ्या दारात आली होती.

दादा गडबडून उठले, उपरणं सावरलं. सासरचं माणूस न्यायला आलं होतं! त्यांचा शब्द राहिला होता. घाईघाईनं म्हणाले, "बसा, बसा, विहीणबाई. केव्हा घेऊन जाताय हिला?"

सासूबाईंनी चपला काढल्या, खोलीभर नजर फिरवली, माझी नकाशांची पट्टी उचलून पाहिली आणि परत ठेवली. "काय घाई शे?" त्या म्हणाल्या. "मी ऱ्हावाले उनू."

न्यायला नाही, त्या माझ्याकडे राहायला आल्या होत्या! दादा एकदा माझ्याकडे आणि एकदा त्या डब्याकडे बघत राहिले. दुपारच्या गाडीनं ते जळगावला निघून गेले. जाताना बूथवर थांबून नानांना नमस्कार केला की शिवी दिली, ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्या रविवारी सासूबाई म्हणाल्या, पोऱ्यासंगे बोलनं शे. लेकानं गिरणीतल्या फोनचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला होता, तो घेऊन मी त्यांना बूथवर नेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या लेकाशी फोनवर बोलणार होत्या. केबिनमध्ये शिरल्या, दार लावून घेतलं. नाना आपला रिसीव्हर लावून बसले, चेहरा सरळ. काचेतून दिसत होतं, सासूबाई बोलतायत, थांबतायत, पुन्हा बोलतायत, हात हलवतायत. हळूहळू त्यांच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या. शेवटी रिसीव्हर तसाच खाली ठेवून त्या दार उघडून बाहेर आल्या.

"वं माय," त्या मला म्हणाल्या, "हाऊ तं काहीच बोलत नही! मी इतलं सांगं, तो म्हनस बरं. तू वरीसभर कसं सोसं वं?"

सासूनं सुनेला असं विचारलेलं मी कुठे ऐकलं नव्हतं. त्यांनीच मला दंडाला धरून आत ढकललं. "जाय. तू बोल त्यानासंगे. तठे आते कोनी उभं नही."

मी रिसीव्हर उचलला. "अहो," म्हटलं. एवढंच.

आणि आमचे हे बोलायला लागले. आई तिकडे, तू तिकडे, म्हणाले. घर खायला उठतं. मला तुझ्याशी बोलायचं असायचं, तोंडापर्यंत यायचं, पण त्या खोलीत ती सगळी माणसं बसलेली असायची. आज मुद्दाम गिरणीतल्या फोनवर आलोय, सुट्टी आहे, कुणी नाही. तुझी आठवण येते. आज मी भाकरी थापली. थांबायलाच तयार नव्हते. मी भिंतीला टेकून नुसती ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

सासूबाई काचेला नाक लावून उभ्या. दारावर थाप मारली. "काय म्हनस तो? काय म्हनस?"

मी रिसीव्हरवर हात ठेवून दार थोडं उघडलं. "भाकरी जळली म्हणतात."

"जयू दे," सासूबाई म्हणाल्या. "शिकी जाई. तू बोल."